माँ ब्लाँची तयारी: सोस्यूरचा धीर आणि हामेलची घाई



पीएचडी करणाऱ्याच्या तोंडी 'गाईड' हा शब्द दिवसातून दहा वेळा तरी येतो. आल्प्समध्ये मात्र गाईड म्हणजे पैसे घेऊन आपल्याला डोंगरावर नेणारा आणि सुखरूप परत आणणारा माणूस. या व्यवसायाचे सुरुवातीचे दिवस पाहिले तर एक गंमत दिसते. त्याला गिऱ्हाईक मिळालं ते बऱ्याच अंशी संशोधकांमुळे. म्हणून फिल्डवर्कची तयारी करणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा असं मला वाटतं. आज त्यातल्या दोनच मोहिमा पाहू. डोंगर एकच आहे, माँ ब्लाँ, उंची सुमारे ४८०० मीटर.

सत्तावीस वर्षांची तयारी

होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर हा जिनिव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ. १७६० मध्ये विशीत असताना तो पहिल्यांदा शामोनीला आला आणि माँ ब्लाँचा रस्ता शोधणाऱ्याला त्याने बक्षीस जाहीर केलं. तिथल्या लोकांना डोंगर माहीत होता, पण तो स्फटिक गोळा करण्यापुरता आणि शिकारीपुरता. शिखरावर जाण्याचं कोणाला कारणच नव्हतं.

१७८५ मध्ये सोस्यूर स्वतः एका बाजूने चढायला निघाला. वाटेत ताजा बर्फ लागला. पुढे पाहणीला गेलेल्या गाईडने परत येऊन सांगितलं की वर जाणं धोक्याचं आहे. सोस्यूरने ऐकलं आणि तो मागे फिरला. ही घटना लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

८ ऑगस्ट १७८६ रोजी झाक बाल्मा आणि गावातले डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार शिखरावर पोचले. डॉक्टरांनी सोबत बॅरोमीटर नेला होता. बातमी कळताच सोस्यूर शामोनीला धावला, पण हवामानाने साथ दिली नाही. पुढच्या वर्षी, १७८७ च्या जुलैच्या सुरुवातीला, बाल्मा आणखी दोन गाईडना घेऊन पुन्हा शिखरावर जाऊन आला. रस्ता अजून जाण्याजोगा आहे, हे त्यामुळे कळलं. आजच्या भाषेत याला आपण पायलट स्टडी म्हणू. सोस्यूर खाली हवामान उघडायची वाट पाहत बसला आणि १ ऑगस्टला १८ गाईड आणि आपला नोकर यांना घेऊन निघाला.

३ ऑगस्टला तो वर पोचला आणि साडेचार तासांच्या आसपास तिथे थांबला. कामाची यादी आधीच ठरलेली होती: हवेचा दाब, तापमान, आर्द्रता, पाण्याचा उत्कलनबिंदू, नाडीचे ठोके, आणि निळ्या छटांच्या कागदी पट्ट्यांशी ताडून आकाशाचा रंग. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो आणि पाणी ८५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. अशा विरळ हवेत साधं रीडिंग घ्यायलाही खालच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

माझ्या मते खरी हुशारी शिखरावर नव्हती, ती खाली होती. त्याच वेळी शामोनीत त्याचा मुलगा आणि जिनिव्हात त्याचा सहकारी सेनेबिए बॅरोमीटरची रीडिंग घेत होते. का? नुसत्या शिखरावरच्या दाबावरून उंची काढता येत नाही, कारण दाब हवामानानुसारही बदलतो. खाली, उंची माहीत असलेल्या जागी, त्याच वेळचं रीडिंग हवं. म्हणजेच कंट्रोल! त्याने काढलेली उंची आजच्या मापनाप्रमाणे सुमारे ४७७५ मीटर होते. पाऱ्याची नळी पाठीवर वाहून नेण्याच्या काळात हे काही थोडं नाही.

तरीही वरचा वेळ पुरला नाही. मग १७८८ मध्ये तो मुलाला घेऊन कोल द्यू जेआँ या खिंडीत गेला आणि दोन आठवड्यांहून जास्त तंबूत राहिला. ही जागा शिखरापेक्षा जवळजवळ दीड हजार मीटरने खाली आहे. पण तिथे सलग निरीक्षणं घेता आली. नाव शिखराने दिलं, भरपूर डेटा मात्र खिंडीने.

१८२०: घाई

आता तेहेतीस वर्षं पुढे येऊ. ऑगस्ट १८२० मध्ये जोसेफ हामेल हा रशियाच्या सेवेतला डॉक्टर-शास्त्रज्ञ उपकरणं घेऊन शामोनीत आला. सोबत दोन इंग्रज तरुण आणि स्थानिक गाईडांची तुकडी. वाटेत वादळाने सगळ्यांना खडकांवर अडकवून ठेवलं. नंतर हवा उघडली, पण वर ताजा बर्फ साचला होता. गाईड पुढे जायला नाखूश होते, असं या अपघाताच्या इतिहासात सांगितलं जातं. तरी तुकडी वर गेली.

ताजा बर्फ खालच्या जुन्या, कडक थराला लगेच धरत नाही. उतारावरून आडवी वाट काढली की चालणाऱ्यांची पावलंच तो थर कापतात. इथे नेमकं तेच झालं. हिमप्रपाताने रांगेतली माणसं खाली ओढली. पिएर बाल्मा, पिएर कारिए आणि ओग्युस्त तेराझ हे तीन गाईड हिमनदीच्या भेगेत गाडले गेले. हामेल आणि दोन्ही इंग्रज वाचले.

१७८५ आणि १८२० शेजारी ठेवून पाहा. डोंगर तोच, ताजा बर्फ तसाच, वर जाण्याचा हेतूही विज्ञानाचाच. एकदा गाईडचा शब्द शेवटचा ठरला, दुसऱ्यांदा नाही ठरला.

पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या गाईडांनी आपली कंपनी स्थापन केली. कामं पाळीपाळीने वाटायची आणि अपघात झाला तर मदतीसाठी निधी ठेवायचा, अशी पद्धत आली. माँ ब्लाँसाठी एका प्रवाशामागे चार गाईड असा नियमही झाला. त्यामुळे १८५१ मध्ये अल्बर्ट स्मिथ नावाचा लेखक तीन सोबत्यांसह चढला तेव्हा १६ गाईड होते, आणि शिदोरीत ९३ बाटल्या वाईन व ४६ कोंबड्या! नियमांचा खर्च गिऱ्हाइकांना फार वाटायचा आणि त्यावर पुढे वादही झाले. पण आता एकटा गाईड एकट्या गिऱ्हाइकासमोर उभा नव्हता. 'नाही' म्हणायला त्याच्या पाठीशी संस्था होती.

या कथेला विज्ञानाची एक शेवटची नोंदही आहे. जेम्स फोर्ब्स या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाने हिमनदीच्या वाहण्याचा वेग मोजला होता. त्यावरून गाडलेल्यांचे अवशेष साधारण चाळीस वर्षांनी खाली येतील, असा त्याचा अंदाज होता. १८६१ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी, बोसों हिमनदीच्या टोकाशी ते खरोखर बाहेर आले. त्या दिवशी वाचलेल्या एका म्हाताऱ्या गाईडने ते ओळखले.

आपल्यासाठी काय?

सिनॉप्सिस लिहिताना उपकरणांची यादी आपण नीट करतो. सोस्यूरकडून आणखी दोन प्रश्न घ्या. वरच्या रीडिंगला खालचं जोडीदार रीडिंग कुठलं? आणि प्रसिद्ध जागेपेक्षा कमी प्रसिद्ध जागी जास्त दिवस राहिलो तर उत्तर चांगलं मिळेल का?

तिसरा प्रश्न हामेलच्या मोहिमेतून येतो. आपल्या फिल्डवर्कमध्येही कोणीतरी पुढे चालत असतं: समुद्रात नेणारा नाखवा, घाटातली वाट दाखवणारा गावकरी, वनरक्षक. आपली रीडिंग त्यांच्या जिवावर असतात. मजुरी आपण देतो, त्यामुळे 'आज नको' म्हणणं त्यांना जड जातं. म्हणून निघण्याआधीच स्पष्ट बोलून ठेवा: परत फिरायचं त्यांनी सांगितलं की फिरायचं, आणि त्या दिवसाची मजुरी तरीही पूर्ण द्यायची. बजेटमध्ये असे वाया जाणारे तीन-चार दिवस आधीच धरा. सत्तावीस वर्षं धरा असं काही मी म्हणत नाही!