पॅरिसहून सप्ताहाच्या मांडवात : पेटीची कुळकथा

उमरगा तालुक्यातल्या कुठल्याही गावात हरिनाम सप्ताह बसला की मांडवात विणेकरी उभा असतो, टाळकऱ्यांच्या दोन रांगा लागतात, पखवाजाला शाई आणि कणीक लागलेली असते आणि पखवाज्याच्या शेजारी मांडी घालून पेटीवाला बसतो. वीणा, टाळ, पखवाज हे वारकऱ्यांचं जुनं सामान. पेटी या पंगतीत फार उशिरा येऊन बसली. आज ती इतकी घरची झाली आहे की तिच्याशिवाय भजन सुरू करायचं म्हटलं तर मंडळी एकमेकांकडे बघत राहतात. तिचं मूळ घर मात्र पॅरिस, आणि तिच्या कुळाची कथा आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

जुन्या पट्ट्यांच्या वाद्यांचा शौक म्हटलं की जगभरचे संग्राहक पियानोच्या मागे असतात. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये पहिला पियानो बांधला. त्याच्या हातचे तीनच पियानो आज उरले आहेत, एक न्यूयॉर्कला, एक रोमला, एक लायप्झिगला. आपल्याकडे जुने पियानो बघायचे तर मुंबईतली जुनी पारशी घरं नाहीतर गोव्यातले मोठे वाडे गाठावे लागतात. मराठवाड्यात तो आला नाही, आणि त्याची कारणं अगदी व्यवहाराची आहेत. पियानोच्या दोनशेवर तारांचा एकत्रित ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो. तो पेलायला ओतीव लोखंडाची चौकट लागते, आणि नाद येतो तो लाकडाच्या पातळ फळीतून. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, जुलैत दमट हवा, अशा ठिकाणी ती फळी तडकते, खुंट्या सैल होतात, आणि सूर लावणारा कारागीर शेकडो मैलांवर. उमरग्याला आजही रेल्वे नाही. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि जड सामान यायचं ते बैलगाडीनं. तिथं दोन-अडीचशे किलोचं वाद्य कोण आणणार आणि कुणासाठी?

पेटीचं तसं नव्हतं. ती एका माणसाच्या काखेत मावते.

तिचा जीव म्हणजे पितळेची एक जीभ. एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी, खाली तिच्याच आकाराची फट. फटीतून हवा गेली की जीभ थरथरते आणि सूर निघतो. ही युक्ती चीनमध्ये फार जुनी आहे. तिथल्या शेंग नावाच्या बांबूच्या तोंडवाद्यात ती शतकानुशतकं वापरली जाते. युरोपात १८ व्या शतकाच्या अखेरीस कोपनहेगनच्या क्राट्झेनस्टाइनने अशाच जिभा वापरून माणसाच्या स्वरांसारखे आवाज काढून दाखवले. पुढं १८१० च्या सुमारास पॅरिसच्या ग्रेनिएने तिच्यावर ऑर्गन रचलं, आणि १८४२ साली त्याच शहरात अलेक्झांद्र द्बॅं याने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ज्या लहान चर्चना नळ्यांचं भलंमोठं ऑर्गन परवडत नव्हतं, त्यांची सोय झाली. पायाने भाता हलवायचा, दोन्ही हातांनी वाजवायचं. मिशनऱ्यांनी आणि साहेब लोकांनी ही पायपेटी भारतात आणली. घडी घालून पेटाऱ्यात बसणारी तिची आवृत्तीही निघाली, ती बोटीवर चढवायला सोपी होती.

इथं आल्यावर तिच्या अंगावर सुतारकाम झालं, आणि मला या सगळ्या कथेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये वाद्यांची पेढी काढली. १८८० च्या दशकात त्यांनी पायपेटीचे पाय काढून टाकले, भाता पाठीमागे आणला आणि आतली रचना साधी केली. एवढ्या बदलाने वाद्याची बैठकच बदलली. आता खुर्ची नको. वादक जमिनीवर, गवयाच्या शेजारी, त्याच जाजमावर बसला. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. युरोपच्या संगीताला एका वेळी अनेक स्वर लागतात, म्हणून तिथं दोन्ही हात पट्ट्यांवर हवेत. आपल्या गाण्याला एक स्वरओळ पुरते, म्हणून एक हात मोकळा करून भात्याला देता आला. शिवाय षड्ज-पंचम धरून ठेवणारे खटके आले. ओढून ठेवले की तंबोऱ्यासारखा सूर मागे चालू राहतो. पॅरिसच्या कारागिराने हे वाद्य ओळखलं असतं, पण वाजवायला कुठं बसायचं ते त्याला विचारावं लागलं असतं.

महाराष्ट्रात पेटीला घराघरात नेलं ते संगीत नाटकाने. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात रंगभूमीवर आलं. पुढच्या दोन-तीन दशकांत नाटक कंपन्यांच्या साथीला पेटी रुळली. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा कलावंत तर पेटीवर एकट्याने मैफल रंगवू लागला. तोवर ती बहुतेक साथीचीच होती. टेंबे यांनी १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या आणि १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. याच मंडळीच्या नाटकांनी मराठी कानाला ऑर्गनचीही सवय लावली. ऑर्गन आणि पायपेटी दिसायला बहिणी, पण पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो, तर अमेरिकी घडणीच्या ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. म्हणून ऑर्गनचा आवाज गोल आणि मऊ येतो, पेटीचा टोकदार. मांडवात पेटी का टिकली याचं हेही एक कारण: पखवाज आणि चाळीस टाळांच्या गजरातून तो टोकदार सूर वर येतो.

पेटीने इथल्या संगीतावर आपली एक खूणही कायमची उमटवली. आज गायक आपली पट्टी सांगतो ती ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ अशी. तबला घ्यायला गेलात तर दुकानदार विचारतो, ‘कुठल्या पट्टीचा?’ तंबोऱ्याला काळं-पांढरं काही नसतं, तरी त्याच्या तारा जुळतात त्या काळी एकला.

तिच्यावर टीकाही खूप झाली, आणि ती पोकळ नव्हती. बारा ठरावीक स्वरांत सप्तकाचे सारखे भाग पाडलेले असतात. मींड निघत नाही, रागातला किंचित उतरलेला कोमल गंधार मिळत नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी सनदी सेवेतल्या क्लेमेंट्स साहेबांबरोबर १९१० च्या दशकात बावीस श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोप केला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी तोच विषय पुन्हा हाती घेतला. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तर पेटीवर सरळ बंदी घातली. ती १९७१ मध्ये सैल होईपर्यंत एक पिढी गेली. तिकडे आकाशवाणीवर पेटी नाही आणि इकडे मैफलीत, देवळात, शाळेत तिच्याशिवाय पान हालत नाही, अशी तीस वर्षं गेली. त्याच काळात मराठवाड्याने आपला पेटीवादक दिला. १९२२ साली जन्मलेले, जालन्याचे आप्पा जळगावकर थोरामोठ्या गवयांच्या साथीला बसले आणि गाणाऱ्याच्या गळ्यातून निघालेली हरकत त्याच्या पाठोपाठ पट्ट्यांवर कशी उमटवायची, हे त्यांनी दाखवलं. मींड निघत नाही ही तक्रार त्यांची साथ ऐकताना आठवतसुद्धा नाही.

आता जरा पेटी उघडून बघू. वरची फळी आणि जाळी काढली की पट्ट्यांच्या लाकडी दांड्या दिसतात, प्रत्येकीवर तारेची स्प्रिंग. दांडीच्या टोकाखाली मऊ चामडं लावलेली झडप. पट्टी दाबली की झडप उचलते आणि हवेला वाट मिळते. ही चौकट उचलली की खाली सुरांची फळी. पितळी सूर, म्हणजे त्याच जिभा, ओळीने बसवलेले, खर्जाचे लांब, वरचे आखूड होत होत नखाएवढे. साध्या पेटीत खर्ज आणि नर अशा दोन ओळी, भारी पेटीत तिसरी मादीची. भाता दुहेरी असतो: बाहेरचा हवा भरतो, आतला स्प्रिंगांच्या जोरावर ती सारख्या दाबाने सोडतो, म्हणून हात थांबला तरी सूर लगेच तुटत नाही. सप्ताहात वापरलेल्या पेटीत बुक्का, उदबत्तीची राख आणि मांडवातली धूळ सापडते. एखादा कण जिभेखाली अडकला की तो सूर बसतो, आणि बरेचदा तो कण हलकेच काढला की पेटी पुन्हा बोलते. सूर उतरला असेल तर कारागीर जिभेचं टोक अगदी किंचित घासतो, म्हणजे तो चढतो. चढला असेल तर मुळाशी घासतो, म्हणजे उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही. अडाणी हाताने दहा वेळा घासलेली पेटी कायमची जाते.

संग्राहकांचा जीव याच पितळात अडकलेला असतो. जुन्या पेट्यांत पॅरिसचे किंवा जर्मनीचे सूर असत. पॅरिसच्या कास्रिएल या कारखान्याचं नाव जाणकार आजही आदराने घेतात. महायुद्धांनी आणि पुढे आयातीवरच्या बंधनांनी तो माल आटला आणि गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर देशभर जाऊ लागले. म्हणून आज कुणाच्या माळ्यावर जुनी पेटी निघाली की व्यापारी आधी सुरांची फळी बघतो, सूर काढून घेतो, नव्या सागवानी खोक्यात बसवतो आणि जुनं खोकं सरपणाला जातं. वादकाच्या दृष्टीने यात फायदा आहे, सूर वाजता राहतो. पण मला हा व्यवहार पटत नाही. त्या खोक्यावर विकणाऱ्या पेढीची पाटी असते, दुरुस्ती करणाऱ्याने आतल्या फळीवर पेन्सिलने घातलेली तारीख असते, पट्ट्या कुठे झिजल्या त्यावरून ती कुणाच्या पट्टीत वाजली हे कळतं. खोकं गेलं की ही सगळी ओळख जाते.

आपल्या भागात असं जुनं सामान आधीच थोडं उरलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला. दगडमातीची घरं कोसळली, हजारो माणसं गेली. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यातच होतं. गावंच्या गावं नव्या जागी वसली. माणसांच्या दुःखापुढे वाद्यांचा हिशेब कुणी मांडला नाही, आणि ते योग्यच होतं. पण त्यामुळे जी पेटी वाचली तिचं मोल वाढलं आहे. दिनकर केळकरांनी वाड्यावाड्यांतून अडकित्ते, दिवे, वाद्यं गोळा केली म्हणून पुण्यात आज त्यांचं संग्रहालय उभं आहे. ते काम करायला शेवटी एका माणसाची चिकाटी पुरली.

म्हणून भजनी मंडळांना आणि जुन्या घरांतल्या मंडळींना एक विनंती आहे. देवळाच्या खोलीत किंवा माळ्यावर जुनी पेटी असेल तर ती भंगारवाल्याला किंवा सुरांच्या व्यापाऱ्याला देण्याआधी एकदा उघडा. पाटीचा, आतल्या लिखाणाचा, सुरांवरच्या शिक्क्याचा फोटो काढा. ती कुणी आणली, कुठून आणली, कोण वाजवायचं हे गावातल्या वयस्कर माणसाला विचारून एका वहीत लिहून ठेवा. वाळवी आणि उंदरांपासून जपा, उन्हात ठेवू नका, आणि सूर घासायची वेळ आली तर ओळखीच्या कारागिराकडेच द्या. दुरुस्त होण्यासारखी असेल तर पुढच्या सप्ताहात तीच वाजवा.