कामगाराचा चेहरा

हनुवटी कोरून घ्यावी, ओठांची ठेवण बदलावी, यासाठीच्या शस्त्रक्रियेला आमच्या बोईसर-तारापूरचे कामगार श्रीमंतांची हौस म्हणतात. आम्हीही तसेच म्हणत होतो. मग एका कारखान्यात आमच्या एका सोबत्याच्या तोंडावर तेजाब उडाले. जखम भरली, पण कातडी आखडून खालचा ओठ हनुवटीकडे ओढला गेला. तोंड मिटेना, लाळ गळे. भाकरी खाताना तो भिंतीकडे तोंड करून बसे. मालक म्हणाले, “हात शाबूत आहेत, मग नुकसान कसले?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही इतिहासात शोधले.

कापलेले नाक, कान आणि ओठ सांधण्याचा विधी सुश्रुतसंहितेत आहे. पण ही विद्या पोथीतच राहिली नाही. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती लागला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने मेणाचा साचा करून तो कपाळावर आखला. तेवढी कातडी सोडवली, पण भुवयांमधला देठ राखला; त्यातून रक्त खेळते राहिले आणि नवे नाक धरले. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. त्याच रीतीने कार्प्यू या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये नाक बसवले. कावसजीला कंपनीचे पेन्शन मिळाले. कारागिराचे नाव मात्र त्या हकिकतीत नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात जबडे उडालेल्या शिपायांचे चेहरे हॅरल्ड गिलीज यांनी इंग्लंडात पुन्हा उभे केले. आपल्याकडे नागपूरला १९५८ मध्ये डॉ. बालकृष्णन यांनी या शास्त्राचा स्वतंत्र विभाग उभारला. म्हणजे आज जी हौस दिसते, तिच्या मुळाशी गाडीवानाचे नाक आणि शिपायाचा जबडा आहे.

मालकांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला अखेर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात सापडले. दोन्ही हात गेले तर कमाईची शक्ती शंभर टक्के गेली, असे त्यात धरले होते. आणि त्याच यादीत चेहऱ्याची अत्यंत गंभीर विद्रूपताही शंभर टक्क्यांनीच मोजली होती.

आमच्या सोबत्यावर मुंबईच्या सरकारी इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. मांडीची कातडी लावून ओठ मोकळा केला. आता तो चारचौघांत बसून जेवतो. याला हौस म्हणायला आमची जीभ धजत नाही. हा त्याचा हक्क होता.