टोकापुरतं शिसं

1895 च्या वायव्य सरहद्दीवरच्या चित्राल मोहिमेत इंग्रजी सैन्याच्या हाती नवी ली-मेटफर्ड रायफल होती. तिची गोळी 215 ग्रेनची, म्हणजे सुमारे चौदा ग्रॅमची; शिशावर संपूर्ण धातूचं आवरण. गोळी लांबवर आणि सरळ जाई. पण अंगातून आरपार निघून जाते, घायाळ माणूस तसाच तलवार घेऊन अंगावर येतो, अशी सैनिकांची तक्रार होती.

कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी त्यावर उपाय काढला. टोकावरचं आवरण जेमतेम मिलिमीटरभर कमी केलं. उघडं पडलेलं शिसं अंगात शिरताच पसरायचं आणि जखम भयंकर व्हायची. आवरण बुडाशीही उघडंच असल्यामुळे कधी शिसं पुढं निघून जाऊन नुसतं आवरण नळीत अडकायची भीती असे. मग पुढच्या बाराला बंदूक चालवणाऱ्याचीच धडगत नसे.

1899 साली हेगच्या परिषदेनं अंगात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. ‘रानटी’ माणूस साध्या गोळीनं थांबत नाही, असं तिथं ब्रिटनच्या सर जॉन आर्डघ यांनी मांडलं. ब्रिटननं ही बंदी मान्य केली ती 1907 मध्ये, आणि तीही सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसातल्या युद्धापुरतीच होती. सरहद्दीवरचे पठाण त्यात कुठंच बसत नव्हते. हे वाचताना मला आजही संताप येतो.

1910 मध्ये ब्रिटिश सैन्याच्या .303 रायफलसाठी मार्क सात ही नवी गोळी आली : 174 ग्रेन, अणकुचीदार. हीच गोळी पुढं आमच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनू लागली. पुंगळीच्या बुडावर ‘के. एफ.’ची मोहोर. वडील तिथं तपासणीला होते, त्यामुळे घरात गोळीचं वजन ग्रेनमध्येच निघे. उभी कापलेली एक गोळी त्यांनी मला दाखवली होती. पातळ आवरण, आत करडं शिसं, आणि टोकात शिसं नाहीच : तिथं पांढुरका ॲल्युमिनियमचा तुकडा. महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा त्या जागी लाकडाचा लगदाही भरत.

टोक हलकं, भार बुडाकडे. नळीतल्या चक्राकार खाचांनी दिलेली गिरकी तिला हवेत सरळ ठेवते. अंगात शिरली की मात्र ती कलंडते. आवरण शाबूत राहतं, म्हणून हेगची बंदी तिला लागू नव्हती. वडिलांचं लक्ष असे ते टोकातल्या तुकड्यावर : तो केसभर तिरका बसला तरी गोळी डोलत जाते, नेम चुकतो.