डॉक्टरांनाही उशिरा कळलेला आजार



गटाच्या बैठकीत दहावी-बारावीच्या मुलांचा विषय निघाला की एखादी मावशी म्हणतेच, "आमच्या वेळी नव्हतं बाई हे डिप्रेशन-बिप्रेशन." मावशींना हसू नका. साठ वर्षांपूर्वी परदेशातले मोठमोठे डॉक्टरही हेच म्हणत होते. मुलाचं मन अजून पिकलेलं नसतं, त्याला नैराश्याचा आजार होणारच नाही, असं त्यांच्या शास्त्रात बसलं होतं. ते कसं बदललं, ते आज सांगतो.

आधी औषधाची गोष्ट, कारण ती आपल्या ओळखीच्या आजारातून निघाली. टीबीतून. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात टीबीची दोन नवी औषधं देऊन पाहत होते. त्यातलं आयसोनियाझिड आजही टीबीच्या गोळ्यांत असतं. दुसरं होतं इप्रोनियाझिड. ते घेतलेले, अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून बसले, हसू-बोलू लागले, काही तर वॉर्डात नाचले. टीबीच्या औषधानं मन कसं उजळलं? मग १९५७ साली उदास रुग्णांना हे औषध दिल्याचे अनुभव पुढे आले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या रोलांड कून या डॉक्टरांनी इमिप्रामिन या वेगळ्या औषधाचे अनुभव मांडले. इप्रोनियाझिड लिव्हरला बाधतं म्हणून पुढे बंद झालं, पण खचलेल्या मनावर औषध लागू पडतं हे कळलं.

हे सगळं मोठ्यांचं. मुलांकडे लक्ष जायला १९७० नंतरचा काळ उजाडला. युरोपातल्या बालमानसोपचाराच्या डॉक्टरांनी स्टॉकहोमच्या परिषदेत याच विषयावर चर्चा केली. १९८० मध्ये अमेरिकेतल्या आजारांच्या यादीनं मान्य केलं की मोठ्यांचा हा आजार मुलांनाही होतो. पुढे त्या यादीत एक फार कामाची गोष्ट आली: मुलं उदास दिसतीलच असं नाही, ती चिडचिडी दिसू शकतात.

इथेच आपली गल्लत होते. रडणारी मुलगी आपल्याला दिसते. पण ताट ढकलून उठणारा, दुपारपर्यंत झोपणारा, क्रिकेट सोडून दिलेला मुलगा "माजलाय" ठरतो. कुणाचं डोकं दुखतं, कुणाचं पोट, आणि तपासणीत काही निघत नाही. कुणाला रात्री झोप नाही, पुस्तक उघडलं तर डोक्यात काही शिरत नाही. मग "बाहेरचं आहे" म्हणून देवऋषी. अंगारा लावायचा तर लावा, पण त्यापायी दवाखाना लांबवू नका. असं दोन आठवडे रोजच्या रोज चाललं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आणि जगणं नको असं मूल बोललं, तर दोन दिवसही थांबायचं नाही.

उपचार म्हणजे नुसत्या गोळ्या नाहीत. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या एरन बेक यांनी बोलण्यातून, विचारांची सवय बदलून उपचार करायची पद्धत बसवली. २००४ साली तिकडेच १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर तुलना झाली. गोळी आणि बोलणं दोन्ही मिळालेल्यांत शंभरातली ७१ मुलं सुधारली, नुसत्या गोळीनं ६१, नुसत्या बोलण्यानं ४३, खोट्या गोळीनं ३५. त्याच वर्षी तिथल्या सरकारनं या गोळ्यांवर इशारा छापायला लावला, की सुरुवातीला काही मुलांच्या मनात मरणाचे विचार वाढू शकतात. म्हणून पहिले काही आठवडे मुलाजवळ कुणीतरी हवं, आणि फवारणीचं औषध कुलपात. गुण यायलाही काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ ला आला, जिल्ह्यापर्यंत पोचायला १९९६ उजाडलं. पूर्वी मुलानं विष घेतलं तर पोलिसांच्या भीतीनं घरचे लपवायचे, त्यात वेळ जायचा. २०१७ च्या कायद्यानं सांगितलं की अशा माणसावर मोठा ताण होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, आशाताईंना विचारा. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा फुकट फोनही आहे, रात्री-अपरात्रीसुद्धा: १४४१६. मराठीत बोलता येतं. मूल बोलायला तयार नसेल तर आईनं फोन केला तरी चालतो.