आरा मशीनच्या ब्लेडचे दाते कसे ओळखावेत?

सातपुड्याच्या पायथ्याशी हिवरखेड, तेल्हारा, अकोट या पट्ट्यात धुऱ्यावर साग, कडुनिंब, बाभूळ, हिवर अशी झाडे असतात. दार, चौकट किंवा गोठ्यासाठी त्यांचे लाकूड आरा मशीनवर कापून आणले जाते. प्रत्येक लाकडाला एकच ब्लेड चालत नाही. ब्लेड चुकले तर फळ्या कमी निघतात आणि जाडी कमी-जास्त होते.

ब्लेडवर काय पाहावे?

1. दात्यांमधील अंतर : एका दात्याच्या टोकापासून पुढच्या दात्याच्या टोकापर्यंत पट्टीने मोजावे. अरुंद ब्लेडमध्ये ते साधारण 19, 22 किंवा 25 मिमी असते.
2. दात्याचा कल : ब्लेडच्या पाठीला काटकोनात रेघ काढावी. दात्याची पुढची बाजू या रेघेपासून जितकी पुढे झुकते, तितका कल जास्त.
3. खाच : दोन दात्यांमधील पोकळी. कापताना भुसा यातूनच बाहेर जातो. ओंडका रुंद असेल तर खाच लवकर भरते.
4. फाक : दाते डावी-उजवीकडे किती वाकवले आहेत ते. फाक असल्याने ब्लेडची पाठ लाकडात घासत नाही.

कल मोजण्याची सोपी पद्धत

तुटलेल्या ब्लेडचा तुकडा मिस्त्रीकडून मागून घ्यावा. तो कागदावर आडवा ठेवून पेन्सिलने दात्यांचा आकार काढावा आणि कंपासपेटीतील कोनमापकाने कोन मोजावा. काही ब्लेडवर 10/30 किंवा 4/32 असे आकडे असतात. त्यातील पहिला आकडा पुढच्या बाजूचा कल आणि दुसरा दात्याच्या पाठीचा कोन दाखवतो. मशीनवर चढवलेले ब्लेड वीज बंद केल्याशिवाय हाताळू नये.

कोणत्या लाकडाला कोणते दाते?

- सावर, मलबार नीम (मऊ, ओले) : कल 10 ते 13 अंश, खाच खोल, अंतर 22 ते 25 मिमी, फाक थोडी जास्त. ओल्या लाकडाचे तंतू कापल्यावर फुगतात व ब्लेडला दाबतात.
- साग, कडुनिंब (मध्यम) : कल 9 ते 10 अंश, अंतर 22 मिमी. सागात सिलिका असल्याने धार लवकर जाते. ब्लेड वरचेवर घासून घ्यावे.
- बाभूळ, हिवर (कठीण, वाळलेले, गाठींचे) : कल 4 ते 7 अंश, अंतर 19 ते 22 मिमी, फाक कमी. जास्त कलाचा दाता गाठीत ओढला जातो व काप वाकडा होतो.

हे आकडे अरुंद ब्लेडचे आहेत. मोठ्या उभ्या आऱ्याच्या रुंद ब्लेडमध्ये कल व अंतर दोन्ही जास्त असतात. मात्र मऊ लाकडाला जास्त कल आणि कठीण लाकडाला कमी, हा क्रम तोच राहतो.

फळ्यांचा हिशेब

300 मिमी जाडीच्या चौरस ओंडक्यातून 25 मिमीच्या फळ्या काढायच्या आहेत. प्रत्येक कापात 2 मिमी लाकूड भुशात गेले तर 11 फळ्या निघतात. 4 मिमी गेले तर 10 निघतात. म्हणजे एका ओंडक्यामागे एक फळी गेली. याशिवाय फळी लाटदार आली तर रंधा मारताना आणखी लाकूड जाते.

पहिल्या फळीवरून ओळखा

- भुसा पिठासारखा बारीक : धार गेलेली आहे.
- फळीवर काळे डाग : धार बोथट किंवा फाक कमी.
- ठराविक अंतराने खोल ओरखडे : एखादा दाता जास्त वाकलेला.
- फळी लाटदार : बोथट धार, सैल ब्लेड किंवा त्या लाकडाला न जुळणारा कल.

यापैकी काही दिसले तर पुढचा काप घेण्याआधी ब्लेड बदलण्यास सांगावे.

मशीनवर नेण्यापूर्वी

धुऱ्यावरच्या झाडात कुंपणाची तार किंवा खिळे रुतलेले असू शकतात. ते शोधून काढावेत, न निघाल्यास ती जागा खडूने दाखवावी. साग तोडण्यापूर्वी आणि वाहून नेण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी. मऊ आणि कठीण ओंडके वेगळे लावावेत व मिस्त्रीला लाकडाची जात आणि ते ओले की वाळलेले हे आधीच सांगावे.