थ्रेड : शेतकऱ्याचा हौदा आणि शहराचे अंगण – अमेरिकी पिकअप ट्रकसोबत नांदण्याचा इतिहास

एप्रिल १९२५. फ्लोरिडा राज्यात मायामीलगत ‘कोरल गेबल्स’ नावाचे आखीवरेखीव नगर कायदेशीरपणे अस्तित्वात आले. त्याच महिन्यात फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी मोटारीच्या पाठीवर पोलादी हौदा बसवून ती २८१ डॉलरना विक्रीस काढली. या दोन घटनांचा त्या वेळी परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. पाऊणशे वर्षांनंतर मात्र त्या नगराच्या रस्त्यावर त्या गाडीच्या वंशजाने रात्री उभे राहावे की नाही, या प्रश्नावरून न्यायालयात खटला उभा राहिला.

हौद्याची कल्पना फोर्डची नव्हे, ग्राहकांची. मॉडेल टी १९०८ साली बाजारात आली आणि खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांनी थोड्याच काळात तिचा मागचा भाग कापून तेथे लाकडी पेटारा ठोकायला सुरुवात केली. दुधाचे कॅन, धान्याची पोती, डुकरांची पिल्ले, सारे त्यातून बाजारात जाऊ लागले.

हाच शेतकरी काही वर्षांपूर्वी मोटारीचा कट्टर शत्रू होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. शहरी श्रीमंतांच्या गाड्या घोडी बुजवीत, कोंबड्या चिरडीत, धूळ उडवीत जात. संतापलेल्या शेतकऱ्यांनी रस्ते नांगरून टाकल्याची आणि आडवी काटेरी तार बांधल्याची उदाहरणे आहेत. मोटारीला त्यांनी दिलेले नाव होते ‘सैतानी गाडी’.

रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच या अभ्यासकांनी १९९६ साली या परिवर्तनावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा की, यंत्राचा अर्थ कारखान्यात कायमचा ठरून जात नाही. वापरणारेही तो घडवतात. मागचे एक चाक जॅकवर उचलायचे, त्यावर पट्टा चढवायचा आणि मोटारीच्या वीस अश्वशक्तीवर करवत, पाण्याचा पंप, मक्याचे दाणे सोलण्याचे यंत्र, इतकेच काय कपडे धुण्याचे यंत्रही चालवायचे. रविवारी तीच गाडी धुऊनपुसून कुटुंबाला चर्चमध्ये घेऊन जाई. ‘कामाची गाडी’ आणि ‘घरची गाडी’ हा भेद त्या अंगणात नव्हताच.

१९२५ च्या फोर्ड पिकअपचा हौदा आजच्या मानाने खेळण्यासारखा होता : लांबी सुमारे १४२ सेंटिमीटर, रुंदी मीटरभर. मागे उघडणारा फाळका आणि कडेला खुंट्या रोवण्यासाठी खाचा. हलके ट्रक इतर कंपन्याही बनवीत होत्या. पण फोर्डच्या किमतीमुळे घरचे कापकाम करण्याची गरज उरली नाही. पहिल्याच वर्षी सुमारे ३४ हजार गाड्या बनल्या.

महामंदीत हे कापकाम पुन्हा सुरू झाले. जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ (१९३९) या कादंबरीतील जोड कुटुंब ओक्लाहोमाहून कॅलिफोर्नियाकडे निघते, ते अर्धी कापून ट्रक केलेल्या एका जुन्या हडसन सेडानमधून. गाडीवर गाद्या, भांडी, म्हातारीकोतारी, सारे काही. घर सुटलेल्या माणसांच्या लेखी तो हौदा हेच घर होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कंपन्यांना ग्राहकाच्या पाठीचे दुखणे आठवले. १९४७ साली शेव्हरोलेने आणि १९४८ साली फोर्डने नव्या मालिका आणल्या. फोर्डच्या त्या मालिकेतील सर्वांत हलका ट्रक म्हणजे एफ–१. त्याच्या चालककक्षावर दहा लाख डॉलर खर्च केल्याचा डंका कंपनीने जाहिरातींतून पिटला आणि दिवाणखान्यातील आरामाशी त्याची तुलना केली. तुलना अतिशयोक्त खरी, पण दिशा स्पष्ट होती. शेतकऱ्याच्या शेजारी आता पत्नी आणि मूलही बसणार होते.

येथे स्टाइनबेक पुन्हा भेटतात, या वेळी स्वतः मालक म्हणून. १९६० साली त्यांनी जीएमसी कंपनीचा नवा पिकअप घेतला, त्याच्या हौद्यावर छोटी खोली चढवून घेतली आणि चार्ली नावाच्या पूडल कुत्र्यासह अमेरिका पाहण्यासाठी ते निघाले. गाडीचे नाव त्यांनी ‘रोसिनांते’ ठेवले : डॉन किहोतेच्या मरतुकड्या घोड्याचे. १९६२ साली त्या प्रवासाचे पुस्तक झाले. पुढे एका पत्रकाराने त्यांचा मार्ग पडताळून पाहिला, तेव्हा पुस्तकावरून वाटते त्यापेक्षा कितीतरी अधिक रात्री हॉटेलांत गेल्याचे दिसून आले. साधनचिकित्सा शिकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. गाडी मात्र अस्सल आहे. कॅलिफोर्नियातील सलिनास येथील स्टाइनबेक संग्रहालयात ती आजही उभी आहे.

एकाच लेखकाच्या हयातीत हौदा निर्वासिताच्या बिऱ्हाडापासून हौशी प्रवाशाच्या शय्यागृहापर्यंत येऊन पोहोचला.

यानंतरचा विस्तार कायद्यांच्या फटींतून झाला. पश्चिम जर्मनी, फ्रान्स आदी देशांनी अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवली, त्याचा वचपा म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये काही आयात वस्तूंवर २५ टक्के कर जाहीर केला : बटाट्याचे पिष्ट, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. कोंबड्यांचा वाद विस्मृतीत गेला, तरी ट्रकांवरील कर टिकला, आणि देशी कंपन्यांना परक्या स्पर्धेपासून भक्कम तटबंदी मिळाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन–कार्यक्षमतेचा कायदा आला, त्यातही ट्रकांना मोटारींपेक्षा सौम्य निकष लागले. शेतकरी आणि कारागीर यांच्या उपजीविकेचे ते वाहन, ही भूमिका त्यामागे होती.

फोर्डचा सुप्रसिद्ध एफ–१५० तर जन्मालाच आला तो अशा एका रेषेपलीकडे. मालासह एकूण ६,००० पौंडांपर्यंतच्या (सुमारे २,७२० किलो) हलक्या ट्रकांवर प्रदूषणाचे कडक नियम होते. १९७५ चा एफ–१५० त्या मर्यादेच्या किंचित वर बेतला गेला, म्हणून त्याला उत्प्रेरक परिवर्तक लागत नसे आणि साधे शिसेयुक्त पेट्रोल चाले. १९७७ पासून फोर्डची ही मालिका अमेरिकेत सर्वाधिक खपणारा ट्रक ठरली आहे.

मालकाच्या दैनंदिन जीवनात याचा अर्थ काय? १९७३–७४ च्या सुमारास बैठकीमागे जागा असलेले लांब चालककक्ष रूढ झाले; पुढे चार दारे सर्वसामान्य झाली. माणसांची जागा वाढली तसा हौदा आखूड होत गेला. आठ फूट लांबीच्या हौद्यात प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा तक्ता फाळका लावूनही मावत असे. आजच्या साडेपाच फुटी हौद्यात तोच तक्ता बाहेर डोकावतो. चार दारांचा एफ–१५० जवळपास ५.९ मीटर लांब. अमेरिकेतील सर्वसाधारण पार्किंगची जागा १८ फूट, म्हणजे ५.५ मीटर. दुकानासमोर गाडीचे नाक किंवा शेपूट रेषेबाहेर राहणारच. जुन्या घरांच्या गॅरेजचे दार तिच्यामागे मिटत नाही. रुंदी मात्र ८० इंचांच्या आत, अगदी काठावर थांबते, कारण ८० इंच झाले की छतावर वेगळे दिवे लावण्याचे बंधन येते.

आणि उंची. ट्रकचा दर्शनी भाग जसजसा उभा होत गेला, तसतसे त्याच्या पुढ्यातले मूल चालकाला दिसेनासे झाले. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ साली पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला : ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत ४० इंचांहून उंच बॉनेटच्या वाहनाची धडक जीवघेणी ठरण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक. घोडी बुजल्यामुळे चिडलेल्या त्या शेतकऱ्यांची तक्रार येथे वेगळ्या रूपात परतली, आणि या वेळी आरोपी त्यांचीच गाडी होती.

आता कोरल गेबल्सकडे. जॉर्ज मेरिक यांनी भूमध्यसागरी शैलीत वसवलेल्या या नगराला आपल्या देखणेपणाचा मोठा अभिमान. निवासी भागात सायंकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत ट्रक बंदिस्त गॅरेजबाहेर ठेवण्यास तेथे मनाई होती, आणि ‘ट्रक’ या शब्दात पिकअपही येत असे. २००३ साली भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका रहिवाशाला घरासमोर फोर्ड एफ–१५० उभा केल्याबद्दल दंडाची नोटीस मिळाली. त्याच्या घराला गॅरेज नव्हते. ट्रक मालवाहतुकीसाठी नव्हता. तीच त्याची रोजची गाडी.

तो न्यायालयात गेला. ट्रक खाजगी वापराचा असेल तर बंदीला आधार काय, हा त्याचा सवाल. नगराचे सौंदर्य, हे नगरपालिकेचे उत्तर. २००७ साली अपील न्यायालयाच्या छोट्या पीठाने त्याच्या बाजूने कौल दिला. २०१० साली त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो फिरवला : सौंदर्यरक्षण हे वैध प्रयोजन आहे, बंदी राहील.

या वादात सौंदर्याआड वर्गाचा प्रश्न दडला होता. त्याच रस्त्यावर तेवढीच अवजड, त्याच जातकुळीची आलिशान एसयूव्ही रात्रभर उभी राहू शकत होती. फरक एवढाच की तिच्या पाठीवर छप्पर होते. उघडा हौदा म्हणजे फावडे, शिडी, रंगाचे डबे, म्हणजे अंगमेहनत. ती दिवसा बागेत राबावी आणि संध्याकाळी सातनंतर दृष्टीआड व्हावी, अशी ही व्यवस्था होती.

नोव्हेंबर २०१२ मध्ये कोरल गेबल्सच्या मतदारांसमोर हा प्रश्न थेट ठेवण्यात आला. त्यांनी बंदी उठवण्याच्या बाजूने मत दिले.