जमिनीवरचे आकाशयुद्ध

संगणकावर विमानयुद्धाचा खेळ पहिल्यांदाच खेळणारा मुलगा बहुधा शत्रूच्या गोळीने मरत नाही. शत्रूचे विमान दिसले की तो त्याच्या मागे लागतो. ते वळले की हाही वळतो. ते आणखी वळले की हा जॉयस्टिक आणखी जोराने ओढतो. आपला वेग कमी होत चालला आहे, तिकडे त्याचे लक्षच नसते. शेवटी पंखांना हवेची पुरेशी उचल मिळेनाशी होते, विमान दगडासारखे खाली येते आणि खेळ संपतो. मुलगा हसतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

पोलादपूर तालुक्यातील कापडे येथे काही शिक्षकांशी गप्पा मारताना या खेळांचा विषय निघाला. एका गुरुजींनी विचारले, "यातून पोरे काही शिकतात, की नुसताच वेळ जातो?" उत्तर द्यायला शंभर वर्षे मागे जावे लागते. "पुन्हा पहिल्यापासून सुरुवात" ही सोय आज फुकट मिळते. शंभर वर्षांपूर्वी ती कोणालाच नव्हती.

पहिल्या महायुद्धाच्या आधी, १९०९-१० च्या सुमारास, फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानाच्या शिकाऊ चालकांसाठी एक गमतीदार साधन वापरले जात होते. लाकडी पिंपाचे दोन अर्धे तुकडे एकावर एक बसवलेले, वरच्या भागात विद्यार्थी. बाहेर उभी असलेली माणसे तो भाग हाताने हलवीत आणि विद्यार्थ्याने समोरची चाके फिरवून तोल सावरायचा. पुढे युद्धकाळात फ्रेंचांनी पंख आखूड केलेली विमाने वापरली. ती मैदानावर धावत, पण उडू शकत नसत. म्हणून त्यांना पेंग्विन म्हणत. तेथून विद्यार्थी थेट खऱ्या विमानात जाई, आणि पुष्कळदा एकटाच.

आकाशयुद्धाचे नियम प्रथम सूत्रबद्ध केले ते जर्मन वैमानिक ओस्वाल्ड बोल्के याने, १९१६ मध्ये. हल्ल्यापूर्वी आपली बाजू वरचढ करून घ्या, सूर्य पाठीशी ठेवा, शत्रूवर शक्यतो मागून जा, असे हे एकूण आठ नियम. एकाच शत्रूच्या मागे आपल्यातल्या दोघांनी लागू नये, असेही त्यात बजावले होते. २८ ऑक्टोबर १९१६ रोजी बोल्के आणि त्याचा सहकारी एरविन ब्यॉमे एकाच ब्रिटिश विमानाचा पाठलाग करीत होते. त्यांची विमाने एकमेकांना घासली आणि बोल्के मरण पावला. नियम ठाऊक असणे आणि ऐन धावपळीत तो हाताला सुचणे यांत केवढे अंतर असते, याचे याहून कठोर उदाहरण मला माहीत नाही.

हे अंतर कमी करण्याचा पहिला शहाणा प्रयत्न इंग्लंडमध्ये गॉस्पोर्ट येथे झाला. रॉबर्ट स्मिथ-बॅरी हा अधिकारी आघाडीवरच्या तुकडीचा प्रमुख होता. अर्धेकच्चे शिकलेले तरुण आपल्याकडे पाठवले जातात आणि लगेच मरतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. १९१७ मध्ये त्याने शिकवण्याची पद्धतच उलटी केली. तोपर्यंत विद्यार्थ्याला धोक्यापासून दूर ठेवत. स्मिथ-बॅरीने त्याला मुद्दाम धोक्यात नेले. दोघांच्याही हाती सुकाणू असलेल्या विमानात, बोलण्याच्या नळीतून सूचना देत, शिक्षक विमान गिरक्या घेत पडू देई आणि त्यातून बाहेर कसे यायचे ते विद्यार्थ्याकडूनच करवून घेई. माझ्या मते बोल्केच्या आठ नियमांपेक्षा हे काम मोठे आहे. सुरक्षित चूक करू देणे ही शिकवण्याची एक रीत आहे, हे येथे प्रथम नीट ओळखले गेले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंद्रलाल रॉय हा कोलकात्यात जन्मलेला तरुण फ्रान्समध्ये विमानासह कोसळला आणि जबर जखमी झाला. बरा झाल्यावरही तो उड्डाणास अपात्र ठरला होता, पण पाठपुरावा करून पुन्हा रुजू झाला. ९ ते १९ जुलै १९१८ या काळात त्याच्या नावावर दहा विजय लागले आणि २२ जुलैला तो लढताना मारला गेला. वयाची वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पहिल्या अपघातातून तो वाचला म्हणून त्याला दुसरी संधी मिळाली. ती केवळ नशिबाची गोष्ट होती.

दुसरी संधी नशिबावर न सोडता यंत्रातून मिळवून दिली ती एका वाद्यांच्या कारखान्याने. अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गन हवेवर चालतो. आपल्या बाजाच्या पेटीचा भाता डोळ्यांसमोर आणला की तत्त्व लक्षात येईल. उड्डाण शिकण्याचा खर्च एडविनला जड जात होता. त्याने ऑर्गनचेच भाते आणि झडपा वापरून आखूड पंखांचे एक बुटके विमान बनवले. आत बसून दांडा हलवला की खालच्या भात्यांतली हवा कमीजास्त होई आणि ते खोके कलंडे, वळे, नाक वर करी. १९२९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. सैन्याला त्यात रस नव्हता, तेव्हा ही यंत्रे जत्रेसारख्या करमणुकीच्या बागांत गेली. सिम्युलेटर आधी खेळणे होता आणि मग साधन झाला, हे कापड्याच्या गुरुजींना मुद्दाम सांगावेसे वाटते.

१९३४ मध्ये चित्र बदलले. फेब्रुवारीत अमेरिकी सरकारने हवाई टपालाचे काम अचानक सैन्याच्या वैमानिकांवर सोपवले. धुके, बर्फ, रात्र यांत केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव त्यांना नव्हता. थोड्याच काळात डझनभर वैमानिक अपघातांत गेले. लिंकला भेटीला बोलावण्यात आले, तो दिवस दाट धुक्याचा होता. आता हा काही येत नाही, असे म्हणून अधिकारी निघण्याच्या बेतात असताना लिंक स्वतः विमान चालवत उतरला. जूनमध्ये सैन्याने प्रत्येकी ३५०० डॉलरला सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सुमारे पाच लाख उड्डाण-कर्मचाऱ्यांचे हात या खोक्यात तयार झाले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाने एम. आय. टी. या संस्थेला कोणत्याही विमानाची नक्कल करू शकेल असा सिम्युलेटर बनवायला सांगितले. जे फॉरेस्टर यांच्या गटाने त्यासाठी गणकयंत्र बांधायला घेतले आणि सिम्युलेटर बाजूलाच राहिला; तयार झाला तो व्हर्लविंड नावाचा, तत्काळ उत्तर देणारा पहिल्या काही संगणकांपैकी एक. १९७९-८० मध्ये ब्रूस आर्टविक यांनी ॲपल संगणकासाठी फ्लाइट सिम्युलेटर हा कार्यक्रम लिहिला. त्यातच पहिल्या महायुद्धातील विमानयुद्धाचा खेळ होता. बोल्केचे आकाश साठ वर्षांनी घरातल्या टेबलावर आले.

आता या खेळात नवशिक्याने शिकायचे काय? गोळ्या झाडणे शेवटी येते. आधी शिकायचा तो ऊर्जेचा हिशेब, आणि त्यासाठी कापड्याच्या मुलांना लांब जायला नको. प्रतापगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १०८० मीटर. हिशेबाला १००० धरू. तेवढ्या उंचीवरून हवेचा विरोध नाही असे मानून एखादी वस्तू खाली आली, तर तिचा वेग २ × ९.८ × १००० यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे बरोबर सेकंदाला १४० मीटर होतो. ताशी ५०४ किलोमीटर! वस्तुमान हिशेबातून गळून पडते, हे विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावे. उंची म्हणजे साठवलेला वेग. सह्याद्रीच्या कड्यांवर राहणारा शाहीन ससाणा आधी उंची गाठतो आणि मग पाखरावर झेपावतो, तो याच कारणाने. गडाचा माथा हातचा का सोडायचा नाही, हे मावळ्यांना सूत्रावाचून कळत होते. अर्थात त्यांच्या बाबतीत कारणे आणखीही होती.

वळणाचा हिशेबही असाच डोळे उघडणारा आहे. विमान ६० अंशांत कलवून पातळी न सोडता वळवले, तर सेकंदाला १०० मीटर वेगाने वळणाची त्रिज्या सुमारे ५९० मीटर येते. वेग दुप्पट केला की त्रिज्या चौपट, सुमारे २३५० मीटर. म्हणजे जोरात पाठलाग करणारा मुलगा शत्रूच्या वळणाबाहेर फेकला जातो आणि त्याला काय झाले ते कळत नाही. मग तो दांडा ओढतो, वेग गमावतो आणि आपण सुरुवातीला पाहिले तसा पडतो. १९६० नंतरच्या काही वर्षांत जॉन बॉइड आणि टॉमस क्रिस्टी यांनी अमेरिकेत लढाऊ विमानांची तुलना याच ऊर्जेच्या भाषेत मांडली.

वर्गात करता येईल असा एक प्रयोग सुचवतो. खेळातले शत्रू बंद करावेत. एका मुलाने विमान चालवावे, दुसऱ्याने दर दहा सेकंदांनी उंची व वेग टिपावा. उंचीमध्ये वेगाच्या वर्गाला १९.६ ने भागून आलेली संख्या मिळवावी आणि आलेख काढावा. वेग आधी मीटर प्रति सेकंद करून घ्यावा. इंजिन मंद ठेवून घेतलेल्या तीव्र वळणात ही बेरीज किती झपाट्याने घसरते ते दिसेल. खेळाचा कार्यक्रम चांगला लिहिलेला आहे की नाही, तेही यातून कळते.

खुर्चीत बसून न शिकता येणाऱ्या गोष्टीही आहेत. हृदय आणि मेंदू यांत साधारण ३० सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो. त्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे २३ मिलिमीटर. तीव्र वळणात वैमानिकाचे वजन पाचपट झाले की हाच दाब सुमारे ११७ होतो. हृदयाचा वरचा दाब १२० धरला तर मेंदूपर्यंत रक्त जायला जवळजवळ काहीच उरत नाही. आधी दृष्टी धूसर होते, मग शुद्ध जाते. म्हणून वैमानिक पाय आणि पोटाचे स्नायू आवळतो, दाब देणारा पोशाख घालतो. पडद्यावर कडा काळ्या होतात, एवढेच.

दुसरी गोष्ट कानाची. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकृती नलिका फिरण्याच्या वेगातला बदल ओळखतात, फिरणे नव्हे. एकसारखे वळण पंधरा-वीस सेकंद चालले की वळत असल्याची जाणीवच विरते, आणि सरळ झाल्यावर आपण उलट वळतो आहोत असे वाटू लागते. फिरत्या स्टुलावर डोळे बांधलेल्या मुलाला सावकाश, एकाच वेगाने फिरवून हे दाखवता येते. पडू नये म्हणून दोघांनी जवळ उभे राहावे. रात्री, क्षितिज दिसत नसताना, हाच भ्रम जिवावर बेततो. तेव्हा शरीर सांगते ते न ऐकता उपकरणांवर विश्वास ठेवायचा असतो. गंमत अशी, की हा विश्वास मात्र सिम्युलेटरवर चांगला शिकता येतो, कारण तेथे उपकरणांखेरीज दुसरे काही नसतेच.

म्हणून जमिनीवरचे शिक्षण आणि लढाऊ विमान यांच्या मधे आणखी पायऱ्या लागतात. व्हिएतनाम युद्धात सर्वाधिक धोका पहिल्या दहा मोहिमांत असतो, असे अमेरिकी हवाई दलाला आढळले. त्या दहा मोहिमा खोट्या शत्रूशी, पण खऱ्या आकाशात उडता याव्यात म्हणून १९७५ मध्ये नेवाडात रेड फ्लॅग हा सराव सुरू झाला.

आपल्याकडे एक पायरी बराच काळ गळलेली होती. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला आणि मिग-२१ पुढे आपल्या हवाई दलाचा कणा बनले. हे विमान ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेग ठेवून उतरवावे लागते. नवा वैमानिक मात्र त्यापेक्षा पुष्कळ संथ अशा किरण विमानावरून त्याकडे येई. एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने १९८२ मध्ये मधल्या टप्प्यासाठी प्रगत जेट प्रशिक्षक विमान घेण्याची शिफारस केली. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. ती हवाई दलात दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये, सीमाभागातील बीदर येथे. शिफारशीपासून सव्वीस वर्षे.

त्या सव्वीस वर्षांच्या आत, १७ सप्टेंबर २००१ रोजी, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ राजस्थानात सुरतगढ येथे रात्रीच्या उड्डाणात कोसळले आणि ते मरण पावले. चूक वैमानिकाची, हा निष्कर्ष त्यांच्या आईवडिलांनी, कविता आणि अनिल गाडगीळ यांनी, मान्य केला नाही. अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलातून निवृत्त झालेले. दोघांनी विमान-सुरक्षेचा प्रश्न अनेक वर्षे लावून धरला आणि मुलाच्या नावाने प्रतिष्ठान काढले. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे सेवेतून निवृत्त झाली. गाडगीळ दांपत्याने पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट उभी केली. तेथे तरुणांना उड्डाणाचे धडे दिले जातात ते सिम्युलेटरवर.